खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर नीट कसे पाहावे

खिद्रापूरला येणारी बहुतेक मंडळी थेट स्वर्गमंडपात शिरतात, छतातून दिसणारे गोल आकाश पाहतात, खालच्या शिळेवर आडवे पडून फोटो काढून घेतात, पिंडीला नमस्कार करतात आणि वीस-पंचवीस मिनिटांत गाडीत बसतात. हे मंदिर बाहेरून आत आणि खालून वर वाचायचे असते. क्रम उलटा झाला की अर्धे मंदिर न पाहताच राहते. पुढे दिलेला क्रम पाळला तर साडेतीन ते चार तास लागतात. तेवढा वेळ नसेल तर दुसरा दिवस निवडलेला बरा.

कधी जावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. खिद्रापूर कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या अगदी काठावर आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत या तालुक्यातली बरीच गावे पाण्याखाली गेली होती. जुलै ते सप्टेंबर या काळात जायचेच असेल तर आदल्या दिवशी कृष्णा-पंचगंगेची पातळी आणि रस्ते सुरू आहेत का, याची चौकशी केल्याशिवाय निघू नका. मार्च ते मे या काळात वेगळीच अडचण. अनवाणी चालायचे असते आणि काळा बेसाल्ट सकाळी अकरापासूनच तापतो. पिशवीत जाड सुती मोज्यांचा एक जोड टाका, बाहेरची प्रदक्षिणा सुसह्य होते.

श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र दर्शनासाठी ठेवा, अभ्यासासाठी नको. त्या दिवशी कोणत्याही खांबासमोर दोन मिनिटेसुद्धा उभे राहता येत नाही. साधा आठवड्यातला वार, सकाळी साडेआठच्या सुमारास पोचलात की बाकीची गर्दी यायच्या आत बाहेरची बाजू पाहून होते.

कोल्हापूरहून अंतर सुमारे ६० किलोमीटर. रेल्वेने येणाऱ्यांना जयसिंगपूर किंवा मिरज सोयीचे. तिथून नृसिंहवाडी, कुरुंदवाड आणि पुढे उसाच्या शेतांतून खिद्रापूर. वाडीपासून साधारण १७-१८ किलोमीटर. नकाशावर हे अंतर किरकोळ वाटते, पण गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर पुढे असतात आणि ओलांडायला जागा नसते. तेवढ्याला पाऊण तास धरा. एसटीने येत असाल तर उतरल्या उतरल्या वाहकाला परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारा.

सोबत काय घ्यावे

छोटी पण जोरदार बॅटरी, आठपट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण, मोबाइलमधले होकायंत्र, वही आणि पेन्सिल. दुर्बीण अनेकांना अनावश्यक वाटते. पण छताच्या कडेवरचे शिल्प आणि मंडोवराच्या, म्हणजे बाहेरच्या कोरीव भिंतीच्या, वरच्या ओळी उघड्या डोळ्यांनी फक्त 'काहीतरी कोरलेले आहे' एवढ्याच कळतात. फोटोपेक्षा दुर्बिणीतून जास्त उलगडते, कारण हात हलवला की कोन बदलतो.

मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि तिथे रोज पूजाही होते. दोन्हींचे नियम लागू. तिपाई किंवा ड्रोनसाठी आधी परवानगी घ्यावी लागते. गाभाऱ्यात फोटो काढण्याआधी पुजाऱ्यांना विचारा. मूर्तीवर पाणी मारून रंग गडद करणे, अक्षरांवर खडू किंवा पीठ चोळणे असले उद्योग कोणी शिकवले तरी करू नका. दगडाच्या बारीक छिद्रांत पीठ अडकते, त्यावर बुरशी धरते आणि पापुद्रा निघताना अक्षरही निघते.

निघण्यापूर्वीची एवढी तयारी पुरे

कोल्हापूरचे शिलाहार, देवगिरीचे यादव आणि त्यांच्यामधला इसवी सन १२१२ च्या आसपासचा संघर्ष इतके डोक्यात असले की भागते. मंदिराचे मुख्य काम शिलाहारांच्या काळातले, बाराव्या शतकातले मानले जाते. यादव राजा सिंघण याने शिलाहार दुसऱ्या भोजाचा पराभव करून हा मुलूख घेतला आणि थोड्याच वर्षांत या देवळाला दान दिले. त्याचा शिलालेख इथेच, दक्षिण दाराजवळ आहे. त्यात शके ११३६ आहे.

हा एक आकडा लक्षात ठेवला तर एका सवयीच्या चुकीतून सुटका होते. काळा दगड आणि चुन्याशिवाय रचलेले बांधकाम दिसले की आपण 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतो. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. सिंघणाचा लेख त्याच्या निदान साडेचार दशके आधीचा आहे आणि दान देताना देऊळ उभेच होते. तेव्हा खिद्रापूरला हेमाडपंती म्हणणे कालगणनेतच बसत नाही. वाटाड्याने तसे सांगितले तर वाद घालू नका, लेखापाशी थांबून शके वाचा.

दंतकथाही ठाऊक असावी, कारण तिच्याशिवाय मंदिराची एक मोठी गोष्ट लागत नाही. दक्षाच्या यज्ञात सतीने देह टाकला, शंकर कोपला, त्याची समजूत काढायला विष्णू आला. म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वर आणि धोपेश्वर अशा दोन पिंडी आहेत. धोपेश्वर म्हणजे विष्णू. सती माहेरी जाताना नंदीवर बसून गेली, म्हणून इथे शंकरासमोर नंदी नाही. तो काही किलोमीटरवर, आता कर्नाटकात असलेल्या यडूरला आहे, असे सांगतात. शिवमंदिरात पिंडीसमोर नंदी शोधायची सवय असते. इथे तो सापडत नाही म्हणून गोंधळू नका.

पहिला तास: बाहेरून, जमिनीलगत

आवारात शिरल्यावर होकायंत्राने दिशा ठरवा आणि वहीत एक चौकट काढून त्यावर पूर्व लिहा. मंदिर पूर्वाभिमुख आहे. सगळ्यात पूर्वेला गोल स्वर्गमंडप, त्यामागे सभामंडप, मग अंतराळ, म्हणजे गाभाऱ्याआधीची छोटी जागा, आणि पश्चिम टोकाला गाभारा. हे चार भाग वहीत मांडा. माप घ्यायला टेप नको, पावले पुरतात. आधी सपाट जागेत दहा पावले चालून अंतर किती भरते ते पाहून ठेवा आणि मग दक्षिण बाजूने चालत मोजा. भिंत सरळ नसून पुढेमागे कोन काढत गेलेली आहे, हे चालतानाच जाणवते. मागच्या बाजूची ही तारकाकृती मांडणी उगाच केलेली नाही. सपाट भिंतीवर तिरका प्रकाश दिवसभरात थोडाच वेळ पडतो. कोनाकोनाच्या भिंतीवर दर तासाला वेगळा पैलू उजळतो आणि मूर्तींसाठी जागाही वाढते.

आता प्रदक्षिणेचा प्रश्न. शंकराला पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. अभिषेकाचे पाणी जिथून बाहेर पडते ते गोमुख ओलांडायचे नसते. पूर्वाभिमुख शिवमंदिरात ते उत्तरेला असते. त्यामुळे दक्षिण बाजूने सुरुवात करा, पश्चिमेची मागची बाजू पाहा, उत्तरेला गोमुखापर्यंत या आणि आल्या वाटेने परत फिरा. राहिलेली उत्तर बाजू पुढून, स्वर्गमंडपाकडून जाऊन पाहा. तुम्हाला कोणी अडवेल असे नाही. पण या पद्धतीने प्रत्येक भिंत दोनदा, दोन दिशांनी पाहिली जाते आणि पहिल्या वेळी सुटलेले हमखास दुसऱ्या वेळी दिसते.

पहिली फेरी फक्त गुडघ्याच्या-कमरेच्या उंचीची. मान वर करायची नाही. मंदिराच्या मागच्या भागाच्या तळाशी हत्तींची रांग आहे, तिला गजपट्ट म्हणतात. एकूण ९२ हत्ती मोजले जातात. देऊळ हत्तींच्या पाठीवर उभे आहे असा भास व्हावा ही योजना. हत्तींवर देवदेवता स्वार आहेत. बहुतेकांच्या सोंडा तुटल्या आहेत आणि इथेच पाहणाऱ्याचा रस संपतो. संपू देऊ नका. एका हत्तीसमोर खाली बसा आणि एवढेच पाहा: गळ्यातली घंटा आणि पाठीवरून आलेला दोर कसा कोरला आहे, पाय चालते आहेत की रोवलेले, शेजारच्या हत्तीचे अलंकार तसेच आहेत की वेगळे. चार-पाच हत्ती असे पाहिले की एकच नमुना गिरवलेला नाही हे कळते.

तुटलेल्या भागांबद्दल एक सूचना. प्रत्येक भग्न मूर्तीचे खापर कुठल्यातरी स्वारीवर फोडायची घाई नको. सोंड, पुढे आलेला हात, हातातले आयुध हे भाग मुळातच बारीक आणि अधांतरी असतात. पडणारा दगड, पूर, झाडाची मुळे, एवढेच काय, मुलांचे खेळणेही त्यांना पुरते. जाणूनबुजून केलेली तोडफोड ओळखायची असेल तर चेहरा पाहा. नाक-डोळ्यांवर छिन्नीचे ठोके आहेत का? आणि तुटलेल्या जागेचा रंग बाकीच्या दगडासारखाच जुना झाला आहे की उजळ, कोरा दिसतो? उजळ असेल तर मोडतोड अलीकडची.

दुसरी फेरी: जंघा, म्हणजे मूर्तींची भिंत

भिंतीच्या मधल्या उंचीवर मोठ्या मूर्ती असतात. ओळख पटवायचा क्रम ठरलेला ठेवा: आधी वाहन, मग हातांची संख्या, मग आयुधे आणि चेहरा सगळ्यात शेवटी. आपण उलट करतो, चेहरा पाहून अंदाज बांधतो आणि फसतो. हात मोजताना कोपरापासून तुटलेले हातही धरायचे.

पायाशी रेडा आणि त्याच्या मानेतून माणूस बाहेर येत असेल तर महिषासुरमर्दिनी. पोट खपाटीला गेलेले, बरगड्या दिसतात, कधी पोटावर विंचू: चामुंडा. नग्न, गळ्यात मुंडमाळ, हातात कवटी, पायाशी कुत्रे: भैरव. विष्णू ओळखणे सोपे, पण कोणता विष्णू ते आयुधांच्या क्रमावरून ठरते. देवाच्या उजव्या खालच्या हातापासून सुरू करा, मग उजवा वरचा, डावा वरचा, डावा खालचा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर केशव. हाच क्रम बदलत चोवीस रूपे होतात. उजवा म्हणजे देवाचा उजवा. समोर उभे राहून स्वतःचा उजवा धरला की केशवाचा भलताच कोणी होतो. ही चूक छापील माहितीपत्रकांतही सापडते.

देवांच्या अधूनमधून स्त्रियांच्या मूर्ती येतात, त्या सुरसुंदरी. या काळच्या मंदिरांत आरसा धरलेली, पोपटाशी बोलणारी, पत्र लिहिणारी, माकडाने वस्त्र ओढलेली असे ठरलेले प्रकार असतात. त्यांना देवी समजून हळदकुंकू लावण्याचा प्रकार पुष्कळ ठिकाणी झाला आहे. कुंकवाखाली चेहरा दिसत नसेल तर हातातली वस्तू पाहा.

उजेडाचा हिशेब इथे कामाला येतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे दक्षिण भिंत दिवसभर उजेडात असते. नऊ ते साडेदहाच्या तिरक्या उन्हात तिच्यावरचे कोरीव काम सर्वांत उठावदार दिसते. पश्चिमेची बाजू साडेतीननंतर. उत्तर भिंतीवर हिवाळ्यात ऊन येतच नाही. ते वाईट नाही, कारण काळ्या दगडाच्या फोटोत कडक उन्हाने अर्धा चेहरा पांढरा आणि अर्धा काळा होतो. सावलीत बारकावे सारखे येतात. मोबाइलने काढताना मूर्तीच्या अंधाऱ्या भागावर बोट टेकवा, मागचे आकाश पांढरे पडले तरी चालेल.

गाभाऱ्यावरच्या शिखराकडे पाहताना खालच्या दगडी बांधकामाची रेषा कुठे संपते ते शोधा. आजचा शिखराचा वरचा भाग नंतरच्या काळातला, विटा-चुन्याचा आहे. मंदिराचा काळ शिखरावरून ठरवू नका, हे इथेच नव्हे तर महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या देवळांना लागू आहे. शिखर आधी पडते आणि जो दुरुस्त करतो तो आपल्या काळासारखे बांधतो.

शिलालेख

आवारात आणि भिंतींवर बरेच लेख आहेत, काही जुन्या कानडीतले. मुलूख शिलाहारांचा आणि भाषाव्यवहार कानडीचा होता, त्यात नवल नाही. आजची राज्यसीमा त्या काळाला लावू नये. सिंघणाचा लेख मात्र देवनागरी लिपीत आणि संस्कृतात आहे. देवनागरी म्हटल्यावर वाचता येईल असे वाटते आणि पहिल्याच ओळीत अडखळायला होते. अडते ते मुख्यतः दोन ठिकाणी. शब्द सुटे लिहिलेले नसतात. आणि 'ए'ची मात्रा अक्षराच्या डोक्यावर नसून आधी, काना दिसावा तशी उभी असते. तिला पडिमात्रा म्हणतात. तो काना मागच्या अक्षराला जोडून वाचला की सगळा शब्द बिघडतो.

पूर्ण लेख वाचायच्या फंदात पडू नका. सुरुवातीचे मंगलवचन, 'शके' किंवा 'शक' हे अक्षर, त्यापुढचे आकडे आणि राजाचे नाव इतके सापडले तरी पुष्कळ. समोरून बॅटरी मारू नका. ती दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा, म्हणजे कोरीव खाचांत सावली पडते आणि पुसट अक्षर वर येते. डावीकडून एक, उजवीकडून एक असे दोन फोटो काढा. एका बाजूने न दिसणारी उभी रेघ दुसऱ्या बाजूने दिसते.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येते: ११३६ अधिक ७८, म्हणजे १२१४. काही ठिकाणी याच लेखाचे साल १२१३ दिलेले दिसते. त्याचे कारण जुन्या लेखांत शके कधी 'गत' म्हणजे सरलेले, तर कधी 'वर्तमान' म्हणजे चालू धरलेले असते. चालू धरले की एक वर्ष मागे. हे माहीत नसले की दोनपैकी एक पुस्तक चुकीचे ठरवून आपण मोकळे होतो.

स्वर्गमंडप

आता पुढे या. हा भाग सगळ्यात प्रसिद्ध आहे आणि त्याला एवढा मान मिळतो तो योग्यच. गोलाकार मंडप, एकूण ४८ खांब, त्यातले १२ आतल्या वर्तुळात. छताच्या मध्यभागी सुमारे १३ फूट व्यासाची गोल मोकळी जागा आणि तिच्या बरोबर खाली तेवढ्याच व्यासाची गोल अखंड शिळा, रंगशिला.

लगेच शिळेवर जाऊ नका. आधी बाहेरच्या खांबांच्या ओळीतून एक फेरी मारा आणि खांबांचे आडवे छेद पाहा: गोल, चौकोनी, अष्टकोनी. एकाच खांबात खाली चौकोन, वर अष्टकोन, त्यावर वर्तुळ असेही सापडते. गोल भागांवरच्या बारीक, एकसारख्या कड्या तिरक्या नजरेने पाहा. असल्या कड्या दगड कातावर, म्हणजे लेथसारख्या फिरत्या यंत्रावर, धरून फिरवल्याशिवाय येत नाहीत. नुसत्या छिन्नीने कोरलेले वर्तुळ कुठेतरी चुकतेच. खांब हाताने चाचपायचा मोह आवरा. तळहाताचा घाम आणि तेल वर्षानुवर्षे बसले की दगडावर काळपट, चकचकीत थर चढतो आणि नक्षी बुजते. दरवाजालगतच्या खांबांवर माणसाच्या छातीच्या उंचीला तो थर दिसेल. 'पॉलिश' म्हणून दाखवतात त्यातले काही हेच असते.

मग शिळेच्या कडेला, पूर्वेकडे तोंड करून उभे राहा आणि दुर्बीण काढा. आतल्या वर्तुळावर, छताच्या कडेखाली, दिक्पाल, म्हणजे आठ दिशांचे रक्षक देव, आपापल्या पत्नींसह वाहनांवर बसलेले आहेत. मोरावरचा कार्तिकेयही तिथेच आहे. दिशा आधीच ठरवलेली असल्याने आता ताळा करायला सोपे. पूर्वेला हत्तीवर इंद्र, आग्नेयेला मेंढ्यावर अग्नी, दक्षिणेला रेड्यावर यम, नैऋत्येला माणसावर निर्ऋती, पश्चिमेला मकरावर वरुण, वायव्येला हरणावर वायू, उत्तरेला धनाची थैली घेतलेला कुबेर, ईशान्येला बैलावर ईशान. हा शास्त्रातला क्रम झाला. प्रत्यक्षात कोण कुठे सापडतो ते वहीत गोल काढून भरा. मुले बरोबर असतील तर हे काम त्यांना द्या. मकर ओळखायला जरा वेळ लागतो: सोंड हत्तीची, अंग मगरीचे, शेपटीला फुलोरा.

छत मोकळे का ठेवले, यावर हमखास सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे होमाचा धूर जाण्यासाठी. घुमटाचे काम अपुरे राहिले असेही मत आहे. ऐकलेले मान्य करण्याआधी दुर्बीण कडेच्या शेवटच्या थरावर लावा. तो घडवून पूर्ण केलेला वाटतो की पुढचा दगड बसवण्यासाठी ठेवलेला, हे पाहून मत बनवा.

उजेडाची गंमत मात्र गणिताने सांगता येते. खिद्रापूरचा अक्षांश सुमारे १६.७ अंश उत्तर. त्यामुळे सूर्य इथे वर्षातून दोनदाच बरोबर डोक्यावर येतो, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी आणि ऑगस्टच्या सुरुवातीला. तेव्हा उन्हाचा गोल थेट रंगशिलेवर उतरतो. वेळ बाराची नव्हे. मेमध्ये साधारण १२ वाजून २८ मिनिटे, ऑगस्टमध्ये त्याहून आठ-नऊ मिनिटे उशिरा. कारण घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेले आहे आणि हे गाव त्याच्या बरेच पश्चिमेला. ऑगस्टमध्ये ढगच असतात, म्हणून खरी संधी मेमधली. डिसेंबरात मध्यान्हीला सूर्य जेमतेम ५० अंशांवर असतो, त्यामुळे उन्हाचा गोल शिळा सोडून उत्तरेकडच्या खांबांकडे सरकतो. सुटीत येणारे लोक बारा वाजता शिळेवर ऊन शोधतात आणि त्यांना ते सापडत नाही, ते यामुळे.

त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री चंद्र या गवाक्षाच्या माथ्यावर येतो म्हणून मोठी गर्दी होते. त्याचेही कारण हेच. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेला जितका उतरलेला, चंद्र तितकाच उत्तरेला चढलेला, म्हणजे मेमधला सूर्य जिथे असतो त्याच्या आसपास. वेळ मध्यरात्री सव्वाबाराच्या जवळची. पण चंद्राची कक्षा पाचेक अंशांनी कललेली आहे आणि कार्तिकी पौर्णिमा कधी नोव्हेंबरच्या सुरुवातीला येते, कधी अखेरीस. म्हणून एखाद्या वर्षी चंद्रप्रकाश शिळेवर नेमका बसतो, एखाद्या वर्षी बाजूला सरकलेला असतो. त्या रात्री यायचे असेल तर सायंकाळीच पोचा, गाडी गावाबाहेर ठेवा आणि शिळेवर उभे राहायचा हट्ट सोडा. मंडपाच्या कडेवरून तो गोल जास्त चांगला दिसतो.

सभामंडप आणि गाभारा

बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर दहा मिनिटे काहीही करू नका, बॅटरीही लावू नका. डोळे अंधाराला सरावले की जाळीच्या खिडक्यांतून येणारा उजेड पुरेसा होतो आणि खांबांची गर्दी हळूहळू सुटी दिसू लागते. सगळे मिळून साठ खांब सांगतात. मोजायला गेलात तर भिंतीत अर्धे गेलेले खांब धरायचे की नाही, इथेच प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो.

दाराशी थांबून चौकट वाचा. चौकटीला समांतर उभ्या पट्ट्या असतात, त्यांना द्वारशाखा म्हणतात. आतून बाहेर मोजा: वेलबुट्टी, माणसे, खांबाचा आकार, व्याल (सिंहासारखा काल्पनिक प्राणी) यांचा क्रम टिपून घ्या. चौकटीच्या डोक्यावर मधोमध जी मूर्ती असते ते ललाटबिंब आणि पायाशी उंबऱ्यावर कीर्तिमुख, म्हणजे उग्र राक्षसी चेहरा. उंबऱ्यावर पाय देऊ नका, ओलांडून जा. खांबांच्या तळाशी आणि मधल्या चौकोनी भागांवर छोट्या चौकटींत कथा कोरलेल्या आहेत. काही रामायणातल्या, काही पंचतंत्रातल्या. मोठ्या मूर्तींच्या नादात या वीतभर चौकटी कोणी पाहत नाही. खाली बसून एकच खांब चारी बाजूंनी पाहिला तरी अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास वाया जात नाही.

गाभाऱ्यात दोन्ही पिंडींचे दर्शन घ्या आणि मागच्या लोकांना वाट द्या. इथे पाहण्यासारखे कोरीव काम असले तरी रेंगाळायची ही जागा नाही.

जोडून काय पाहावे

गावातच आदिनाथाचे जुने जैन मंदिर आहे, चालत जाण्याच्या अंतरावर. कोपेश्वर पाहिल्यानंतर लगेच तिथे गेलात तर खांब आणि चौकटीच्या घडणीतले साम्य डोळ्यांत भरते. दोन धर्मांची देवळे आणि कारागिरांची परंपरा एकच, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा इथे पटते. कातडी पट्टा आणि पाकीट बाहेर ठेवा. मंदिर बंद असेल तर शेजारी विचारा, किल्ली कुणाकडे असते ते सांगतात.

आसपास कुठे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, दिसला तर तो खालून वर वाचायचा. खालच्या चौकटीत लढाई किंवा मृत्यू, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर तो पिंडीची पूजा करताना आणि टोकाला सूर्य-चंद्र.

जेवणाची सोय गावात गृहीत धरू नका. डबा बरोबर ठेवा किंवा परत नृसिंहवाडीला येऊन जेवा. तिथून बासुंदी आणि कवठाची बर्फी घ्यायची ती परतताना. सकाळी घेतलेली बासुंदी गाडीतल्या उन्हात दुपारपर्यंत फाटते. दुसरा दिवस हाताशी असेल तर कोल्हापूरला अंबाबाईचे मंदिर याच नजरेने, आधी बाहेरून, पाहा. तिथेही भिंतीचे कोन मोजता येतात.

त्याच रात्री फोटोंना नावे द्या. 'खिद्रापूर १, २, ३' असे नको. 'दक्षिण भिंत, गाभारा, खालून दुसरी ओळ, चामुंडा?' असे. प्रश्नचिन्ह राहू द्या. आठवड्यानंतर कुठला हत्ती कुठल्या बाजूचा होता ते आठवत नाही आणि दिशा नसलेल्या फोटोवरून दिक्पालही ओळखता येत नाही.